रीलस्टारला हसून झालं असेल तर थोडं पैशाचं बोलू

भुईरिंगणी

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "या रीलवाल्या पोरांनी महाराष्ट्राची संस्कृती बुडवली." खाली +१ ची रांग लागली. तिथेच उत्तर दिलं असतं तर मूळ धागा भरकटला असता, म्हणून वेगळा काढतेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

संस्कृती बुडाल्याची आवई आपल्याकडे दर पिढीला एकदा उठते. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लील म्हणून तमाशावर बंदी आली होती. पुढे त्याच तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार द्यायला लागलं. दादा कोंडक्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, गिनीज बुकात नोंद झाली, आणि तेव्हाही सभ्य घरांत त्यांचं नाव मुलांसमोर घेत नसत. बुडायचीच असती तर संस्कृती तेव्हाच बुडाली असती.

नवीन काय घडलं ते बघू. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला. टिकटॉकवर बांधावरून, गोठ्यातून, एसटी स्टँडवरून लोक नाचायला, नकला करायला, रडायला लागले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. पुढच्या महिन्यातच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. टिकटॉकवरची पोरं तिकडे सरकली आणि लडाखच्या सहलीचे, कॉफीच्या कपांचे फोटो टाकणाऱ्या मंडळींच्या शेजारी येऊन बसली. कुरबूर खरी तिथून सुरू झाली. टिकटॉक वेगळं होतं तोवर कुणाला काही वाटत नव्हतं. शेजार झाल्यावर वास यायला लागला.

मग २०२४ आलं. 'बिग बॉस मराठी'चा पाचवा सीझन, रितेश देशमुख सूत्रसंचालक, सत्तर दिवसांचा खेळ. ६ ऑक्टोबरला बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला. टिकटॉकवरून आलेला, आईवडील लहानपणीच गेलेले, शाळा अर्धवट सुटलेली. १४.६० लाखांचं बक्षीस. दुसरा कोण आला? अभिजीत सावंत! म्हणजे २००५मध्ये ज्याला अख्ख्या देशाने एसएमएस पाठवून 'इंडियन आयडल' केलं तो. लोकांनी मत देऊन स्टार बनवायची पद्धत ज्याच्यापासून सुरू झाली, तोच त्या पद्धतीने हरला. याहून मोठी गंमत मला त्या सीझनमध्ये दिसली नाही.

तेव्हाच्या प्रतिक्रिया आठवा. "त्याला धड बोलता येत नाही." "सहानुभूतीची मतं." बरं, मग 'सैराट'चं काय? २०१६मध्ये त्यातली करमाळ्याकडची भाषा पुण्यामुंबईच्या मल्टिप्लेक्सांनी डोक्यावर घेतली होती. अकलूजच्या रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. गावाचं बोलणं, गावाचं नाचणं आपल्याला चालतं, फक्त गाव आणि आपण यांच्यामध्ये एखादा दिग्दर्शक उभा लागतो. तो नसला की अवघडल्यासारखं होतं.

इथवर माझं म्हणणं बऱ्याच जणांना पटेल किंवा पटणार नाही, आणि अभिरुचीवर भांडून आजवर कुणाची अभिरुची बदललेली नाही. मला विचारायचंय ते पैशाबद्दल. हा सगळा बाजार चालतो कसा, त्यात कमावतं कोण आणि फसतं कोण? आपण "शी, काय हे" म्हणण्यात इतके गुंततो की हा प्रश्न कुणी विचारतच नाही. यूट्यूब निदान नियम सांगतं: हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेलं पाहिजे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, मग जाहिरातीतला वाटा. इन्स्टाग्राम आपल्याकडे असा ठरावीक वाटा देत नाही. दहा लाख लोकांनी रील बघितलं तरी त्या पोराच्या खात्यात त्याबद्दल शून्य. मग तो जगतो कशावर? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी लिहा.

उगाचच

चहा संपला, लेख संपला नाही. वाचतोय.

पेठेतला

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवलीय. गावाकडचा आहे म्हणून टीका करायची नाही, हाही भेदभावच झाला, फक्त उलट्या दिशेचा. शहरातली पोरं मॉलमध्ये लोकांच्या अंगावर पाणी ओतून 'प्रँक' करतात, त्यांनाही आम्ही शिव्याच घालतो. तिथे कुणी वर्ग आणि शेजार काढत नाही.

आणि गावातून चांगलं येत नाही असं कोण म्हणतं? कोरी पाटीची 'गावाकडच्या गोष्टी' ही यूट्यूब मालिका सातारा भागातच झाली. बारामतीकडच्या 'चांडाळ चौकडीच्या करामती' आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र बसून बघतात. त्यांच्याकडेही कुणी मोठा बॅनर नव्हता. त्यांनी पटकथा लिहिली, संवादांवर मेहनत घेतली, एकेका पात्राला वर्षानुवर्षं जपलं. पंधरा सेकंद कंबर हलवणं आणि हे एकाच पारड्यात कसं टाकता? मी नाक मुरडतो ते आळसाला. त्याचा तालुका विचारून मुरडत नाही.

वडसा_पॅसेंजर

राजेहो, तुम्ही सारे 'गावाकडचा' म्हणता, पण तुमचं गाव बारामती, सातारा, कोल्हापूरच्या पलीकडं काही जात नाही.

आमच्या इकडचं पोट्टं 'मले-तुले' बोललं का टीव्हीवाल्यांना लगेच विनोद सापडते. नायक सांगलीचा, इनोदी नोकर नागपूरचा, हे ठरलेलंच. आता आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी घ्या. वडसा-देसाईगंजात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, हंगामात रातभर नाटकं चालतात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात तर अख्खी पंचक्रोशी जमते. तिथले नट परशुराम खुणेंना २०२३ला पद्मश्री भेटली. इथल्या किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं? हात वर करा, खोटं बोलू नका.

तर सांगायचं असं का आमच्या पोट्ट्याले रील हाच एक रस्ता आहे. मुंबईतल्या चॅनेलपर्यंत जायला बारा-चौदा तास गाडीत बसा लागते, अन् पोचल्यावर तिथला माणूस म्हणतो, 'भाषा सुधारून ये.' रीलमध्ये कोणी म्हणत नाही.

भुईरिंगणी

@पेठेतला, आळसाला नाक मुरडता हे मान्य. पण मेहनतीला वेळ लागतो आणि वेळेला कुणीतरी पैसे द्यावे लागतात. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही मालिका यूट्यूबवर उभ्या राहिल्या, कारण तिथे लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो. इन्स्टावरच्या पोराला पटकथा लिहून काय मिळणार? पंधरा सेकंदांचं दुकान मांडणाऱ्याने गिऱ्हाईक पंधरा सेकंदांचंच का, असं विचारू नये, आणि ते दुकान त्या पोराने मांडलेलं नाही.

@वडसा_पॅसेंजर, मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझं गाव फलटणच्या बाजूला, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच सुचली. झाडीपट्टीवर तुम्हीच एक धागा काढा ना.

वडसा_पॅसेंजर

काढतो. आधी धान निघू द्या.

सातवी_ब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, लातूर जिल्ह्यात. "मोठेपणी कोण होणार" विचारलं की पूर्वी पोलीस, मॅडम, डॉक्टर यायचं. आता रीलस्टार येतं, आणि ते उत्तर देणारी लेकरं सगळ्यात आत्मविश्वासाने देतात. मला त्यात वाईट वाटत नाही. कुणीतरी त्यांच्यासारखंच बोलणारं, त्यांच्यासारख्याच घरातलं माणूस मोठं झालेलं त्यांनी पाहिलंय. डॉक्टर झालेलं त्यांच्या ओळखीत कुणी नाही.

मला काळजी वाटते ती वेगळी. वर्गातल्या मुलांना रील करायला घरून कुणी अडवत नाही. मुलीने केलं की दुसऱ्या दिवशी तिचा मामा शाळेच्या फाटकात. आणि रीलखालच्या कमेंटा! सातवीतल्या पोरीच्या व्हिडिओखाली बापाच्या वयाच्या माणसांनी लिहिलेलं मी वाचलंय, इथे लिहू शकत नाही. तेरा वर्षांखाली खातं काढायला बंदी आहे म्हणे. आमच्या वर्गात सगळ्यांच्या जन्मतारखा मोबाईलवर वेगळ्या आणि हजेरीपटावर वेगळ्या.

सोनटक्का

सातवी_ब बाई, हे खरं बोललात. रीलस्टार म्हटलं की धाग्यावर सगळे पोरांबद्दल बोलायला लागतात. बायांचं गणित पार वेगळं आहे.

गौतमी पाटीलचं घ्या. धुळे जिल्ह्यातून आलेली मुलगी. रीलमधून नाव झालं आणि मग जत्रा, वाढदिवस, दहीहंडी, सगळीकडे तिचे कार्यक्रम. तिच्या नाचातल्या हावभावांवर आक्षेप आले, तिने जाहीर माफी मागितली, नाच बदलला. २०२३मध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणी कपडे बदलताना कुणीतरी चोरून काढलेला तिचा व्हिडिओ पसरवला गेला, पुण्यात गुन्हा दाखल झाला. आता मला सांगा, त्या वर्षी आपल्या घरांत चर्चा कशाची झाली? तिच्या हावभावांची. व्हिडिओ काढणाऱ्याबद्दल, तो पुढे ढकलणाऱ्या हजारोंबद्दल एक अवाक्षर नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तिच्या मानधनावर मोठी चर्चा. बाई नाचून इतके घेते म्हणजे काय! ते देणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही की वाढदिवसाला एवढे आणलेस कुठून.

मी एका गावात तिचा कार्यक्रम पाहिलाय, नात्यातलं लग्न होतं त्याच सुमारास. पुढे पोरं हुल्लड करत होती, खरंय. पण मागे बायकांची वेगळी गर्दी होती, लेकरं कडेवर घेऊन. लावणीच्या फडाला ज्यांना आयुष्यात कधी जाऊ दिलं नाही त्या बायका. त्यांना तिथे काय वाटत असेल हे कुणी कधी लिहिलेलं मी वाचलं नाही.

पेठेतला

सोनटक्का ताई, व्हिडिओच्या बाबतीत दुमत असूच शकत नाही. गुन्हा तो गुन्हा.

उगाचच

पेठेतला आणि दुमत नाही? तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. (हलके घ्या)

हिशेबनीस

भुईरिंगणींनी विचारलं म्हणून लिहितो. तालुक्याच्या गावी माझं मोबाईलचं दुकान आहे, शिवाय अशा तीन-चार पोरांची हिशेबाची कामं बघतो. नावं विचारू नका.

पैसा येतो असा. पहिला प्रकार 'बार्टर'. हॉटेलवाला जेवण देतो, कापडवाला शर्ट देतो, पोरगं रील टाकतं. बहुतेकांची गाडी इथेच थांबते. बाहेरून लाखांत फॉलोअर्स दिसतात, घरी मोटारसायकलचा हप्ता थकलेला असतो. दुसरा प्रकार उद्घाटनं आणि वाढदिवस. सलूनचं उद्घाटन, मिसळ हाऊसचं उद्घाटन, सरपंचांचा वाढदिवस. इथे रोख मिळते, पण मधे एक 'मॅनेजर' असतो. तो बहुतेक वेळा त्याच गावातला थोडा शिकलेला मित्र. सुपारी (म्हणजे कार्यक्रमाचे पैसे) किती ठरली हे स्टारला कळतच नाही, हातात येईल ते घ्यायचं. नारायणगावला राहुट्यांमध्ये तमाशाची बुकिंगं होतात, तिथे निदान समोरासमोर कागद होतो. इथे व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला की करार झाला.

तिसरा प्रकार, आणि खरा पैसा याच्यातच होता: गेमिंगवाले. रमी, रंग ओळखा, क्रिकेटचा अंदाज लावा. पोरगं रीलच्या शेवटी "लिंक बायोमध्ये" म्हणायचं. त्यांची माणसं दर महिन्याला वेळेवर पैसे टाकायची. हॉटेलवाला तीन महिने टोलवतो, पण हे ॲपवाले कधी चुकले नाहीत. म्हणून पोरांना तेच सगळ्यात सज्जन वाटायचे.

निळी_छत्री

हिशेबनीस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्या घरातलं उदाहरण जोडते. माझा चुलतभाऊ रोजंदारीवर जेसीबी चालवतो. त्याला आवडणारा एक रीलवाला रोज स्क्रीनवर जिंकलेली रक्कम दाखवायचा. भावाने आधी थोडे लावले, आले. मग लावत गेला. काकूंची बचत गटातली रक्कम गेली, मग पाहुण्यांकडून उसने. घरात कळलं तेव्हा तो रीलवाला दुसऱ्याच कुठल्या तेलाची जाहिरात करत होता. भाऊ अजूनही त्याला दोष देत नाही. म्हणतो, "तो आपल्यातलाच आहे, त्याला तरी काय माहीत."

मला भुईरिंगणींचा मुद्दा इथे पटतो आणि इथेच खटकतो. 'आपल्यातला' असणं हेच त्या ॲपवाल्यांनी विकत घेतलं. सिनेनटाने सांगितलं असतं तर भावाने हसून सोडून दिलं असतं. त्यामुळे रीलस्टार गरीब घरचा म्हणून त्याला सगळंच माफ, असं मला म्हणता येत नाही. माझी काकूही गरीबच आहे.

भुईरिंगणी

@निळी_छत्री, माफ करा असं मी म्हणत नाहीये. पण रांग लावायचीच तर नीट लावू. सगळ्यात पुढे ॲपचा मालक, मग पैसे घेऊन ती जाहिरात दाखवणारे मोठे प्लॅटफॉर्म, मग कोट्यवधी घेणारे नट आणि क्रिकेटपटू, आणि सगळ्यात शेवटी हा. भारतीय संघाच्या जर्सीवरच फॅन्टसी गेमिंग कंपनीचं नाव होतं की! ऑगस्ट २०२५मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा ते उतरलं. त्याच्या आदल्या महिन्यात आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ फिरला. मंत्र्यांनी इन्कार केला, पुढे त्यांचं खातं बदललं. इतक्या वरपर्यंत हे सगळं सहज चालत होतं, आणि 'संस्कृती बुडवली' म्हणून बोट कुणाकडे? शर्टाच्या बदल्यात रील टाकणाऱ्याकडे.

हिशेबनीस

कायद्याचा विषय निघाला म्हणून. २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात बंद. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद ठेवलाच नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला बळी धरलंय.

मी माझ्याकडच्या पोरांना हे छापून दिलं. एकाने विचारलं, "५० लाख म्हणजे माझ्याकडून कसे घेणार?" प्रश्न भाबडा आहे पण खरा आहे. त्याच्याकडे विकायला आयफोनच आहे, तोही हप्त्यावरचा.

आणि परदेशात बसून चालवणारे अजून आहेतच. ते आता थेट नाव घ्यायला सांगत नाहीत. टेलिग्रामच्या चॅनेलची लिंक टाकायला सांगतात, बाकी तिथे होतं. पोरं म्हणतात, "मी तर फक्त चॅनेल सांगितलं."

पेठेतला

पैशाचं सगळं ऐकून घेतलं. आता माझा एक प्रश्न. कोयता घेऊन, तलवारीने केक कापून, 'भाईचा बड्डे' म्हणून गाणी लावून जी रीलं येतात त्यांचं काय? ते कुठल्या ॲपवाल्याने पैसे देऊन करून घेतलं? पुण्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं या नादात आत गेली आहेत. तिथे तुमचं गरिबी, संधी, मधला दिग्दर्शक वगैरे काही चालत नाही. नाशिक पोलिसांनी २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अशा भाईंना उचलून त्यांच्याच तोंडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" म्हणवून घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोनटक्का

टाळ्या मला समजतात. आमच्या गल्लीत रात्री बाराला फटाके लावून केक कापणारी टोळी आहे, त्यांना कुणी गप्प केलं तर पेढे वाटीन.

पण त्या नाशिकच्या व्हिडिओंचं पुढे काय झालं बघितलं का? त्यांचीच रीलं झाली. त्यावर गाणी आली, टी-शर्ट आले. लंगडत चालणारा भाई आणि मागे पोलीस, वर ढिंच्याक संगीत. आधी भाईच्या दहशतीला लाइक होते, आता भाईच्या फजितीला लाइक आहेत. इन्स्टाला दोन्ही सारखेच. न्यायालयात दोषी ठरण्याआधी माणसाला कॅमेऱ्यापुढे चालवायचं की नाही, हा प्रश्न तर कुणाला पडलाच नाही. पोलिसांनी उचललेल्यांत राजकीय नेतेही होते हे बघून लोकांना जरा जास्तच बरं वाटलं, मलाही वाटलं, तरी प्रश्न उरतोच.

वडसा_पॅसेंजर

पेठेतले भाऊ, कोयत्यावाल्याची अन् कंबर हलवणाऱ्याची एकच मोट काऊन बांधता? पहिला प्रकार पोलिसाचा आहे. दुसऱ्यात कोणाचं काही गेलं नाही. तुम्हाला दोन्हीचा राग सारखाच येते, म्हणून ते एकाच टोपल्यात.

पेठेतला

राग सारखा येत नाही. पण दोन्हीकडे हिशेब एकच आहे, काहीही करून लोकांनी थांबून बघितलं पाहिजे. नाचून थांबत नसतील तर शिवी देऊन, शिवीने थांबत नसतील तर कोयता काढून. ही शिडी आहे आणि पहिली पायरी निरुपद्रवी आहे म्हणून ती शिडी नाहीच असं होत नाही.

भुईरिंगणी

शिडीचं पटलं. (उगाचच, ही पण तारीख लिहा.) फक्त ती शिडी इन्स्टाने उभी केलीय एवढं जोडते.

शेजारच्या तेलंगणातलं एक उदाहरण देते. तिथे लंबाडीपल्ली नावाच्या गावात पोरांनी 'माय व्हिलेज शो' म्हणून यूट्यूब चॅनेल काढलं. त्यातल्या गंगव्वा या साठीच्या आसपासच्या शेतमजूर बाई २०२०मध्ये तेलुगू 'बिग बॉस'मध्ये गेल्या. त्या चॅनेलमागे आख्खी टोळी आहे. लिहिणारा वेगळा, शूट करणारा वेगळा, बाहेरच्यांशी बोलणारा वेगळा. आपल्याकडचा पोरगा एकटा असतो. सूरजचंच बघा. जिंकल्यावर त्याला नायक करून चित्रपट निघाला, केदार शिंदेंनी केला, एप्रिल २०२५मध्ये आला आणि फारसा चालला नाही. फोन हातात धरून तो जे करतो ते मोठ्या पडद्यावर तसंच्या तसं उतरेल असं कुणाला का वाटावं? लोक लगेच म्हणाले, "संपला." एका वर्षात माणूस चढवायचा आणि संपवायचा, दोन्ही आपणच करतो आणि दोन्हीचे व्ह्यूज तिसऱ्याच्या खात्यात.

सातवी_ब

हिशेबनीस, तुम्हाला एक विचारते. समजा आठवी-नववीच्या मुलांना सांगायचं झालं की बाबांनो, रील करायचं तर करा पण हे एवढं लक्षात ठेवा, तर काय सांगाल? नैतिक काही नको, ते आम्ही रोज परिपाठात सांगतोच. व्यवहाराचं सांगा.

हिशेबनीस

नववीतल्यांना आधी एवढंच, की अठरा पूर्ण होईपर्यंत कुणाशी पैशाचं ठरवायचं ते घरच्या मोठ्या माणसाने. 'मॅनेजर' मित्राने ठरवायचं नाही.

बाकी जे मोठ्यांनाही माहीत नसतं ते सांगतो. फुकट मिळालेली वस्तू फुकट नसते. जुलै २०२२पासून नियम आहे की वर्षात एका पार्टीकडून २० हजारांच्या वर किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या आणि तुम्ही ठेवून घेतल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागतो. पोराला कंपनी फोन देते, तो नाचतो, आणि पुढच्या वर्षी पॅनवर ते उत्पन्न म्हणून दिसतं. मग माझ्याकडे पळत येतो. सेवांचं उत्पन्न वर्षाला २० लाखांच्या वर गेलं तर जीएसटी. ती वेळ फार कमी जणांवर येते, पण आलेल्या एकाने दोन वर्षं काहीच भरलं नव्हतं.

पैसे किंवा वस्तू घेऊन रील केलं तर 'जाहिरात' असं रीलवरच दिसेल असं लिहायचं, खाली बत्तीस हॅशटॅगांच्या गर्दीत नाही. २०२३पासून केंद्राच्या ग्राहक खात्याच्या स्पष्ट सूचना आहेत, दिशाभूल केली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. सुपारी किती, तारीख कोणती, कार्यक्रम रद्द झाला तर उचल परत की नाही, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण शब्दांत लिहून घ्यायचं. अंगठ्याने नाही. पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचे. खात्याचा पासवर्ड मॅनेजरला द्यायचा नाही. इथे भांडण झालं की तो आधी खातंच पळवतो, आणि खातं गेलं की माणूस शून्यावर.

आणि जो ॲपवाला न मागता आगाऊ पैसे टाकतो, त्याचे पैसे त्याच दिवशी परत करायचे.

निळी_छत्री

हे भावाच्या त्या आवडत्या रीलवाल्याला पाठवते. वाचेल का माहीत नाही, त्याच्या इनबॉक्समध्ये लाखभर माणसं असतील.

सातवी_ब

हिशेबनीस, तुम्ही शाळेत येऊन हे बोलाल का? फार लांब नसाल तर. व्यनि (खाजगी निरोप) करते.

हिशेबनीस

येईन की. फक्त मुख्याध्यापकांचं पत्र काढून ठेवा. मागे एका शाळेत गेलो होतो तर पालकांनी तक्रार केली की शाळेने रील शिकवायला माणूस आणला.

पेठेतला

पालकांचं चुकलं कुठे?

उगाचच

आता कसं, ओळखीचं वाटलं.